सर्वांत लहान आकडा

१४ सप्टेंबर १९८९, गुरुवार

आबांचं पोस्टकार्ड आलं. ‘अक्षर बिघडले आहे, रोज चार ओळी लिहीत जा.’ म्हणून ही वही. रत्नागिरीत येऊन चार महिने झाले, एवढ्यात लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं. आज घडलं.

मुंबईचे इंजिनिअर सकाळी परत गेले. तीन दिवसांत त्यांनी आमच्या किनारा निरीक्षण केंद्राच्या तिन्ही इमारती केबलने जोडल्या. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मुख्य इमारत, तिथे मोठा कॉम्प्युटर. उताराच्या मध्यावर प्रयोगशाळा. खाली जेटीवर भरती-ओहोटी मोजण्याच्या यंत्राची शेड. प्रत्येक ठिकाणी एकेक राखाडी पेटी आणि त्यांच्यामधून केबलचा त्रिकोण, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने निरोप पोचावा.

पण त्रिकोण तसाच मोकळा सोडला तर एकच निरोप गोल गोल फिरत राहतो आणि सगळं तुंबतं. म्हणून तिन्ही पेट्या आपसात एक प्रमुख ठरवतात. बाकीच्या दोघी तिच्याकडे जाणारी जवळची वाट धरतात आणि नको असलेली एक वाट बंद ठेवतात. प्रमुख बंद पडली तर त्या थोडा वेळ तिची वाट बघतात, मग नवी निवड करतात. माणसांपेक्षा बरं आहे.

जीपमध्ये पाय ठेवता ठेवता इंजिनिअर म्हणाले, “तांबे, प्रमुख वरचीच पेटी राहिली पाहिजे. तिला बॅटरी आहे, ती कधी बंद पडायची नाही. प्रत्येक पेटीत प्राधान्याचा आकडा असतो, तिन्हींत १२८ आहे. वरचीचा बदलून घ्या.” किती करू, असं विचारेपर्यंत जीप वळली होती.

वरच्या पेटीचा आकडा २०० केला. पडद्यावर २०० उमटले.

मग खाली जेटीवर गेले. तिथे धाकूमामा पहाऱ्याला असतात. साठीचे, रोजंदारीवर. त्यांना सांगितलं, “मामा, ही पेटी परदेशातून आली आहे. विजेचा झटका बसला तर कामातून जाईल. गडगडायला लागलं की जपा.” ते म्हणाले, “जपतो, बाय. पोरासारखी जपतो.”

१९ सप्टेंबर, मंगळवार

सगळं नीट चालू आहे. दिवसभरात कुणाशी कामाशिवाय बोलले नाही. संध्याकाळी घरमालकीण गंगाकाकू वाटीत उकडलेल्या शेंगा पायरीवर ठेवून गेल्या. हातात का दिल्या नाहीत, यावर मी अर्धा तास विचार केला. आडनाव सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या, पण मनात असेल. मग ध्यानात आलं, दाराला आतून कडी होती आणि मी रेडिओ लावला होता.

आता वाटी परत करायची. रिकामी देऊ नये म्हणतात. घरात फक्त साखर आहे.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

प्रयोगशाळेतली मालन गणपतीपुळ्याला चल म्हणाली. ती तिथे टर्मिनलवर बसून वाऱ्याच्या आणि पाण्याच्या नोंदी वरच्या कॉम्प्युटरला पाठवते. रविवारी तिच्या घरचे सगळे जाणार आहेत.

मी म्हटलं, मॅन्युअल वाचायचं आहे.

“अगो, ते पुस्तक काय पळून जाणार आहे?”

“मी देवाला जात नाही,” म्हटलं. सांगून टाकावं म्हणून सांगितलं.

“मग समुद्र बघ. देव तिथे बाजूला आहे, तो असू दे तिथेच.”

तरी नाही म्हटलं. तिने बहुतेक सभ्यपणा म्हणून विचारलं असावं. अशा वेळी हो म्हणणाऱ्या माणसांची नंतर अडचण होते.

२४ सप्टेंबर, रविवार

मॅन्युअल अठरा पानं वाचलं. भात खाली लागला.

३ ऑक्टोबर, मंगळवार

चार वाजून दहा मिनिटांनी सगळं थांबलं. मालनच्या पडद्यावरची अर्ध्या तासाची नोंद गेली. मिनिटभराने आपोआप सुरू झालं. वीस मिनिटांनी पुन्हा तसंच, या वेळी अर्धा मिनिट. तिने सगळे आकडे दोनदा टाकले. सव्वापाचला मच्छीमार सोसायटीला फोनवर वाऱ्याचा अंदाज सांगायचा असतो, तो सहाला सांगितला. सोसायटीचा माणूस म्हणाला, “आता सांगताय? होड्या गेल्यासुद्धा.”

होड्या परत आल्या. वारा अंदाजापेक्षा कमी होता. पण मी आठ वाजेपर्यंत जेवले नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

काल पुन्हा, आज पुन्हा. दोन्ही दिवस चारनंतर. आधी एक मिनिट, मग काही वेळाने अर्धा. आमचे प्रमुख सुर्वे साहेब म्हणाले, “तांबे, तुमच्या पेट्या काय संपावर गेल्या?” सगळे हसले. मीही हसले, पण उशिरा.

मी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर आहे. १५ नोव्हेंबरला ते संपतं. त्यानंतर ठेवायचं की नाही, ते साहेबांच्या शेऱ्यावर.

७ ऑक्टोबर, शनिवार

मुंबईला ट्रंक कॉल लावला. इंजिनिअर म्हणाले, “पेटी बंद पडत असणार. कुठली ते शोधा. वीज कुठे जाते बघा.” मी म्हटलं, वर बॅटरी आहे, प्रयोगशाळेत जनरेटर आहे. “मग तिसरी,” म्हणाले आणि तीन मिनिटं संपली.

९ ऑक्टोबर, सोमवार

सापडलं.

साडेतीनला जेटीवर जाऊन बसले. मिऱ्याच्या डोंगरामागून ढग वर आले. पहिला गडगडाट झाला तसे धाकूमामा उठले, चप्पल काढली, कोरड्या लाकडी फळीवर उभे राहिले आणि मेन स्विच खाली ओढला. शेडमध्ये काळोख. पेटीचा हिरवा दिवा गेला.

“मामा, हे काय?”

“ईज हाय ना, बाय. आमच्याकडं सगळ्या घरांत असंच करतात. दोन वर्षांमागं हितलं जुनं यंत्र असंच जळलं.”

प्रयोगशाळेत फोन लावला. मालन म्हणाली, “बसला. आताच बसला पडदा.” वीस मिनिटांनी गडगड थांबल्यावर मामांनी स्विच वर केला. पुन्हा अर्धा मिनिट सगळं बंद.

संध्याकाळी अहवाल लिहिला. ‘जेटीवरील पहारेकरी श्री. धाकू हे वीज कडाडताना शेडचा मेन स्विच बंद करतात, त्यामुळे पेटी क्रमांक तीन बंद पडते व सर्व यंत्रणा खंडित होते.’ तीनदा वाचला. एकही शब्द खोटा नाही.

एक गोष्ट मात्र उलगडली नाही. जेटीची पेटी गेली तर जेटी तुटायला हवी. प्रयोगशाळा आणि वरचा कॉम्प्युटर यांच्यामध्ये तर सरळ केबल आहे. ती वाट का तुटावी? हे अहवालात लिहिलं नाही, कारण उत्तर ठाऊक नव्हतं.

१० ऑक्टोबर, मंगळवार

दसरा. आमचा धम्मचक्र दिन. घरी असते तर आबांबरोबर विहारात गेले असते. इथे वस्तीत विहार आहे असं ऐकलं, पण ओळख नसताना कसं जायचं? पांढरी साडी नेसून खोलीतच वंदना म्हटली. नंतर साडीची घडी घातली.

गंगाकाकूंनी दारातून विचारलं, “सणाची कुठे जाणार नाहीस का गो?” मी म्हटलं, नाही. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. भाड्याबद्दल काही बोलायचं होतं का कळेना.

११ ऑक्टोबर, बुधवार

साहेबांनी धाकूमामांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. माझ्या अहवालाची नक्कल जोडून.

चारच्या सुमारास ते वर आले. डबा आणि छत्री घ्यायला खाली जाण्याआधी माझ्या टेबलापाशी थांबले.

“सायबानी कागद दिलानी, बाय. काय लिवलंय ते वाचून दाखवतंस?”

मी वाचून दाखवलं. माझंच वाक्य. मोठ्याने वाचताना ते वेगळं ऐकू आलं.

ते म्हणाले, “पण तूच बोललीस ना, गडगडलं की जप म्हणून?”

“मी बंद करा असं नव्हतं म्हटलं, मामा.”

“मग ईज हाय तवा जपायचं म्हंजे आणि काय करायचं? छत्री धरायची पेटीवर?” आणि हसले. खरंच हसले, टोमणा नव्हता. “आसू दे. पेटी शाबूत हाय ना? मग झालं.”

ते गेल्यावर ही वही काढून १४ सप्टेंबरचं पान बघितलं. माझ्याच अक्षरात आहे.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

साहेबांना सांगितलं की जपायला मीच सांगितलं होतं. ते म्हणाले, “जपायला सांगितलंत, बंद करायला नाही. विषय संपला.” मग जरा मवाळ होऊन म्हणाले, “तांबे, तुम्ही फार विचार करता. प्रोबेशनवरच्या माणसाने एवढा विचार करू नये.”

जेटीवर नवा माणूस आला आहे. आज गडगडलं, त्याने स्विचला हात लावला नाही. काही थांबलं नाही. मालन म्हणाली, “आता ठीक चाललंय, पण मामाशिवाय खाली जायला बरं वाटत नाही.” हे ती मला का सांगत होती? मला दोष देत असावी.

१४ ऑक्टोबर, शनिवार

अर्धा दिवस. सगळे गेल्यावर दुपारी मॅन्युअल पुन्हा पहिल्यापासून काढलं, त्या सरळ केबलचं उत्तर शोधायला.

पान एकसष्ट. बारीक टाइपात. आकडा जितका लहान, तितका मान मोठा. तिन्हींचे आकडे सारखे असतील तर जिचा कारखान्यातला क्रमांक सर्वांत लहान, ती प्रमुख.

टर्मिनलवर गेले आणि जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं: प्रमुख कोण? उत्तर आलं, पेटी तीन. जेटी.

मी वरच्या पेटीला २०० देऊन सगळ्यांच्या मागे उभं केलं होतं. म्हणून जेटीवरची प्रमुख झाली. म्हणून वरच्या पेटीने प्रयोगशाळेची सरळ वाट नको असलेली समजून बंद ठेवली. महिनाभर मालनची प्रत्येक नोंद आधी खाली जेटीवर उतरत होती आणि तिथून सडा चढून वर येत होती. मामांनी स्विच ओढला की तो रस्ताच जायचा. बाकीच्या दोघी प्रमुखाची वाट बघत बसायच्या, मग नवी निवड. स्विच वर केला की जेटी परत येऊन मान मागायची आणि पुन्हा सगळं थांबायचं. एक मिनिट, मग अर्धा.

वरची प्रमुख असती तर मामांनी दिवसातून दहा वेळा स्विच ओढला असता तरी जेटीच्या यंत्राखेरीज कशालाच धक्का लागला नसता.

मग तिन्ही क्रमांक ताडून बघितले. सर्वांत लहान क्रमांक वरच्या पेटीचा आहे. मी आकड्याला हात लावला नसता तर सगळं आपोआप बरोबर झालं असतं.

१५ ऑक्टोबर, रविवार

मला मोठा आकडाच मोठा का वाटला? वर्गात पहिला नंबर म्हणजे एक, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी चौथीपर्यंत वर्गात बसलेच नाही. आबांना त्यांच्या शाळेत व्हरांड्यात बसवलं होतं, म्हणून त्यांनी मला चिपळूणकडच्या आमच्या वाडीत, चुलीशेजारी शिकवलं. तिथे मी एकटीच. नंबर कुणात लावणार? आबा शंभरपैकी गुण द्यायचे. नव्वद म्हणजे शाबासकी, चाळीस म्हणजे पुन्हा लिही. जितका आकडा मोठा, तितकं बरं. ते अजून हाताला आहे.

आबांवर ढकलते आहे का मी हे? नाही. मॅन्युअल आबांनी वाचायचं नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. अख्ख्या रत्नागिरीत पान एकसष्ट वाचलेलं माणूस मी एकटी आहे. उद्या गुपचूप आकडा बदलला तर कुणालाच कधी कळणार नाही. मामा घरी, मी पर्मनंट. असं एकटेपण मला आजवर माहीत नव्हतं. चूक पकडणारंसुद्धा कुणी नाही.

१६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी वरच्या पेटीचा आकडा ५० केला. प्रमुख कोण? पेटी एक. दोनदा विचारलं.

मग चूक माझी होती, मामांची नाही, असं लिहिलेलं पत्र साहेबांना दिलं. साहेबांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि कागद उलटा ठेवला.

“तांबे, हे मी वाचलंच नाही असं समजा.”

“का, साहेब?”

“वाचलं तर फाइलला लावावं लागेल. पंधरा नोव्हेंबरला काय आहे, लक्षात आहे ना?”

“आहे. पण धाकूमामा?”

“रोजंदारीचा माणूस. लागेल कुठेतरी.”

“साठीच्या माणसाला कोण लावणार, साहेब?”

“आकडा दुरुस्त केलात ना? मग आता काय उकरून काढायचंय? तुमच्यासाठीच सांगतोय.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच कठीण होतं. मी कागद सुलटा केला. म्हटलं, “वाचा, साहेब.”

त्यांनी वाचलं. एक शब्द कळला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. शेवटी म्हणाले, “म्हणजे तो स्विच ओढला तरी काही होणार नाही, असं तुमचं म्हणणं?”

“वर आणि प्रयोगशाळेत काही होणार नाही.”

“बोलावून घ्या त्याला. माझ्यासमोर दाखवा. आणि बंद पडलं ना तांबे, तर दोघंही घरी.”

१८ ऑक्टोबर, बुधवार

मामांना आणायला मी स्वतः गेले. ते अंगणात जाळं विणत होते. त्यांची बायको सखूमावशी म्हणाली, “हीच का ती कागद लिवणारी?” मी हो म्हटलं. तिने पाणी दिलं. मी प्यायले. मग तिने गूळही दिला.

चारला साहेब वर मालनच्या शेजारी उभे. मालनला मुद्दाम वर बसवलं होतं, प्रयोगशाळेत दुसरा कारकून. मी आणि मामा खाली. ढग नव्हतेच.

“ओढा, मामा.”

“ईज कुठाय?”

“नसू दे. ओढा.”

“सायेब बोललेत, हात लावायचा न्हाय. आता तू बोलतंस, लाव. मी कुणाचं ऐकू?”

“माझं.”

असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन. मामांनी चप्पल काढली, फळीवर उभे राहिले, ओढला. हिरवा दिवा गेला. मी घड्याळ बघत दोन मिनिटं थांबले आणि फोन लावला.

“मालन, काय झालं?”

“काही नाही. का? काय व्हायला हवं होतं?”

“नोंदी येतायत?”

“येतायत की. साहेब विचारतायत, ओढलात का खरंच?”

मामांना म्हटलं, चाललंय. ते म्हणाले, “मग एवढा कागद कशापायी केलास?”

२३ ऑक्टोबर, सोमवार

मामांना परत घेतलं. गेलेल्या दिवसांचं काही मिळणार नाही. मी विचारलं होतं.

मलाही कागद मिळाला. प्रोबेशन सहा महिने वाढवलं आहे. शेरा: ‘कामात निष्काळजीपणा, तथापि प्रामाणिक.’ तथापि या शब्दावर बराच वेळ बसले. आबांना नक्कल पाठवली. ते किती गुण देतील कोण जाणे.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

साडेतीनला जोराचा गडगडाट. मी वरून जेटीला फोन केला. “मामा, स्विच ओढलात?”

“न्हाय. आता मी हात लावीत न्हाय. पेटी जळली तर जळू दे.”

“आता बंद केला तरी चालतं, मामा. खरंच चालतं.”

“तू तोंडी बोलतंस. माजं कागदानं गेलं होतं. आता कागदच दे.”

बरोबर आहे त्यांचं. कोरा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘वीज कडाडू लागल्यास जेटीवरील मेन स्विच पहारेकऱ्याने खुशाल बंद करावा. त्याने यंत्रणेस बाधा आल्यास जबाबदारी माझी. राही तांबे.’ पदरात धरून उतार उतरले. मामांना वाचून दाखवलं. ‘जबाबदारी माझी’ हे त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग स्विचच्या वर खिळ्याला कागद अडकवला, चप्पल काढली आणि ओढला.

काळोखात आम्ही दोघं बाकावर बसलो. बाहेर विजा समुद्रावर उतरत होत्या. मी फोनकडे बघत होते. काही बिघडलं असतं तर तो वाजला असता. दहा मिनिटं झाली, वाजला नाही. पंधरा झाली. इतकी शांतता आणि ती माझ्यामुळे, हे कुणाला सांगणार?

विसाव्या मिनिटाला वाजला. उचलला तर मालन.

“काय थांबलं?” मी विचारलं.

“काहीच नाही गो. विजा बघ केवढ्या पडतायत, आणि तू खाली गेलीस म्हणून केला. सुखरूप आहेस ना? चहा ठेवलाय, किती वेळ आहे तुला?”

केंद्राचा फोन खासगी बोलण्याला वापरू नये असा नियम आहे. तो तिला सांगायला हवा होता. म्हटलं, “अर्धा तास. थांब, मी येते.”